हिवरा आश्रमला येताय? काय करावे, काय टाळावे

बुलडाणा जिल्ह्याचा दक्षिण भाग पर्यटकांसाठी कुणी सजवून ठेवलेला नाही. मेहकर तालुक्यातलं हिवरा आश्रम मुक्कामाला धरलं, तर मेहकरचा शारंगधर बालाजी, लोणारचं विवर आणि सिंदखेडराजाचा वाडा दोन दिवसांत निवांत बघून होतो. पण यातली एकही जागा नुसती बघायची नाही. लोणारच्या विवरात देवीची ओटी भरली जाते, सिंदखेडराजाला माणसं माहेरी आल्यासारखी येतात, आश्रमाच्या आवारात पोरं शाळेत निघालेली असतात. पैसे मोजून आत शिरलेल्या गिऱ्हाइकासारखं वागलं तर इथे चार फोटोंपलीकडे काही पदरी पडत नाही. पाव्हण्यासारखं वागलं तर माणसं हातातलं काम टाकून वाट दाखवायला येतात.

हिवऱ्याची पंगत आणि लोणारचं विवर या दोन्हींवर खाली जरा जास्त लिहिलंय. येणाऱ्यांचं तिथेच सगळ्यात जास्त चुकतं.

निघण्याआधी

करावे

– गाव नीट बघून घ्या. महाराष्ट्रात हिवरा, हिवरे, हिवरखेड या नावांची गावं ढिगाने आहेत. पोपटराव पवारांमुळे गाजलेलं हिवरे बाजार अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. त्याचा इथे काही संबंध नाही. आपलं हिवरा मेहकर तालुक्यातलं, जिल्हा बुलडाणा. एसटीत बसताना नुसतं ‘हिवरा’ म्हणू नका, ‘हिवरा आश्रम’ म्हणा.

– पंचांग उघडा. ही सूचना सगळ्यात महत्त्वाची. स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा. देशभर जयंती त्या तारखेला होते. हिवऱ्यात मात्र जन्मोत्सव तिथीने, म्हणजे पौष वद्य सप्तमीला असतो. ही तिथी कधी जानेवारीच्या मध्यात येते, कधी थेट फेब्रुवारीत जाते. 2024 मध्ये ती 2 फेब्रुवारीला होती. इतकं असूनही दरवर्षी कुणीतरी 12 जानेवारीला गाडी भरून येतं आणि ‘गर्दी कुठे आहे?’ म्हणून विचारतं. त्या दिवशी गर्दी असते सिंदखेडराजाला, कारण 12 जानेवारी हीच जिजाऊंच्या जन्माचीही तारीख, साल 1598. दोन्ही उत्सव बघायचे असतील तर बहुतेक वर्षी दोन फेऱ्या कराव्या लागतात.

– मुक्कामाची चौकशी फोनवर आधीच करा. उत्सवाच्या दिवसांत आश्रमात, मेहकरात आणि लोणारात एकदमच माणसं उतरतात.

– शक्य असेल तर एसटीने या. मेहकर हा जुना नाका आहे. विदर्भ आणि मराठवाडा दोन्हीकडच्या गाड्या इथून जातात. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट. घरातल्या आजीला बरोबर घ्या. या भागात आजी बरोबर असली की दारं लवकर उघडतात.

टाळावे

– रेल्वेच्या भरवशावर बेत आखणं. मेहकरला रेल्वे नाही. जिल्ह्याच्या उत्तर अंगाने मुंबई-हावडा मार्ग जातो आणि मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्टेशनं त्याच्यावर आहेत. दक्षिणेकडून जालना जवळचं. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे पण तो मार्ग अजून झालेला नाही. तोवर स्टेशनवर उतरून पुढे बस किंवा गाडी हाच रस्ता.

– ‘सकाळी लोणार, दुपारी सिंदखेडराजा, संध्याकाळी शेगाव’ असला बेत. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाच्या रांगेतच अर्धा दिवस जाऊ शकतो. त्याला वेगळा दिवस द्या.

– एप्रिल-मे. ऊन अंगावर येतं आणि त्या दिवसांत कित्येक गावांत पाण्याची ओढ असते. यायचंच असेल तर डोक्याला दुपट्टा बांधा आणि मुक्कामाच्या जागी बादलीभर पाण्यात अंघोळ उरका. विवर हिरवंगार बघायचं तर श्रावण-भाद्रपद; शेतं, थंडी आणि हुरडा हवा तर डिसेंबर-जानेवारी.

आश्रमात

– आधी एक गैरसमज काढून टाका. विवेकानंदांचं नाव असलं तरी हा रामकृष्ण मठाचा आश्रम नव्हे. शुकदास महाराजांनी तो उभा केला. आयुर्वेदिक औषध देणारा साधू म्हणून ते पंचक्रोशीत ओळखले जात. पुढे त्यांच्याभोवती शाळा, महाविद्यालयं, कृषी महाविद्यालय असं सगळं वाढत गेलं. त्यामुळे बेलूर मठाची शांतता शोधत येऊ नका. इथे दप्तरं, सायकली आणि वसतिगृहातली पोरं दिसतील. मला हेच आवडतं.

– ध्यानाच्या, प्रार्थनेच्या जागी मोबाइल बंद ठेवा. आवाज नुसता कमी करून भागत नाही.

– विद्यार्थ्यांशी बोला, पण त्यांना ओळीत उभं करून भाषण देऊ नका. शहरातून आलेल्या माणसाला शाळा दिसली की मार्गदर्शन करण्याची इतकी हौस का येते, देव जाणे.

– कृषी महाविद्यालयातली पोरं भेटली तर सोयाबीनचा भाव विचारा. पावसापासून बाजार समितीपर्यंत सगळ्या तालुक्याची हकिकत आपोआप कळेल.

– कोराडी जलाशयावर गेलात तर काठावर पाय सोडून बसा, पाण्यात उतरू नका. नावेत बसायचं असेल तर जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. ‘दोन मिनिटांचं तर आहे’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

– 2017 सालच्या वादाची माहिती असू द्या. 91 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनासाठी हिवरा आश्रमची निवड झाली होती. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्यांनी शुकदास महाराजांवरून आक्षेप घेतला, वाद पेटला, आश्रमाने यजमानपद सोडलं आणि संमेलन फेब्रुवारी 2018 मध्ये बडोद्याला झालं. हा विषय इथे अजून दुखरा आहे. गावातलं कुणी आपणहून काढलं तर शांतपणे ऐका, तुमचं मत असेल तर सांगाही. जेवायला बसलेल्या माणसासमोर मात्र तो उकरून काढू नका. श्रद्धा नसेल तर हात जोडण्याची सक्ती कुणी करत नाही आणि तुम्हीही कुणाला हात सोडायला लावू नका.

पंगतीत

विवेकानंद जन्मोत्सवाच्या शेवटच्या दिवशीचा महाप्रसाद हे हिवऱ्याचं खरं वैभव. पुरी आणि वांग्याची भाजी, दुसरं काही नाही. मोकळ्या रानात माणसांच्या लांबच लांब ओळी बसतात आणि दोन ओळींच्या मधून ट्रॅक्टर निघतात. पुऱ्यांनी भरलेल्या ट्रॉल्या पुढे, भाजीच्या मागे. ट्रॉलीवरचे पोरगे वाकून पुऱ्या हाताने देत जातात, मागून भाजीचा डाव येतो. माणसं लाखावर, आणि वाढणारे आसपासच्या गावांतले स्वयंसेवक. वरून बघितलं तर गोंधळ वाटतो. ओळीत बसलं की लक्षात येतं, कोण कुठे उभा राहणार हे आधीच ठरलेलं आहे. पुरी-वांग्याचा बेतही उगाच ठरलेला नाही. पुरी टिकते, सांडत नाही, हातात धरता येते. वांगं याच शिवारात मुबलक पिकतं. इतक्या माणसांना वरण-भात वाढायला निघालं असतं तर पंगत दुसऱ्या दिवशी सकाळी उठली असती.

करावे

– वेळेच्या बऱ्याच आधी या. गाडी गावाबाहेर जिथे सांगतील तिथेच लावा आणि उरलेलं चाला.

– ओळीत जिथे बसवतील तिथे बसा. शेजारी कोण आहे हे बघायचं कारण नाही. न बघताच बसायचं असतं, पंगतीचा अर्थ तोच.

– ट्रॅक्टर जवळ आला की पाय आत घ्या आणि लहान पोराला मांडीवर घ्या. ट्रॅक्टर हळू चालत असला तरी चाक मोठं असतं आणि वाढणाऱ्याचं लक्ष पुऱ्यांवर.

– पाण्याची बाटली घरून भरून आणा आणि रिकामी घरी न्या.

– खाऊन संपेल तेवढंच घ्या. शेजारची मावशी घरच्या म्हाताऱ्यासाठी चार पुऱ्या पदरात बांधून घेत असेल तर तिच्याकडे बघून हसू नका. तो प्रसाद आहे आणि पंगतीला न आलेल्याचाही त्यात वाटा असतो.

– अंगात जोर असेल तर आदल्या दिवशी येऊन कामाला हात लावा. वांगी चिरायला माणसं लागतात आणि तिथे तुमची पदवी कुणी विचारत नाही. विळीवर बसता येतं का, एवढंच विचारतात.

टाळावे

– पंगत बसलेली असताना दोन ओळींच्या मध्ये उभं राहून व्हिडिओ काढणं. तुमच्यामुळे ट्रॅक्टर थांबतो आणि मागची हजार माणसं ताटकळतात.

– परवानगी न घेता ड्रोन उडवणं. गर्दीवर पडला तर काय होईल याचा विचार करा.

– ‘आम्हाला वेगळं बसवता का?’ हा प्रश्न. आजारी किंवा फार वयस्कर माणूस बरोबर असेल तर तसं सरळ सांगा, सोय होते. नुसती धूळ नको म्हणून विचारत असाल तर मेहकरात खानावळी आहेत, तिथे जेवा.

– भाजीत तिखट कमी आहे की जास्त, यावर जाहीर मत देणं.

लोणारला

मेहकरहून लोणार पंचवीसेक किलोमीटर. उल्का आदळून झालेलं हे विवर साधारण 1.8 किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटरच्या आसपास खोल आहे. बेसाल्ट खडकात अशी विवरं पृथ्वीवर मोजकीच सापडतात. ‘जगात एकमेव’ असं पाटीवर वाचाल, वाटाड्याही सांगेल. त्याला खोडून काढत बसू नका, पण ब्राझीलमध्येही बेसाल्टातली विवरं सापडली आहेत हे मनाशी असू द्या. वयाबद्दलही तेच. आधीच्या मोजणीने पन्नासेक हजार वर्षं निघाली होती, पुढच्या मोजणीने साडेपाच लाखांच्या वर गेली. म्हणून पन्नास हजार ऐकलं तरी आणि पाच लाख ऐकलं तरी मान डोलवा.

अमेरिकेत ॲरिझोनात याहून लहान, कोरडं ठणठणीत विवर आहे. तिथे लोक कठड्यापाशी उभे राहून बघतात आणि परततात. लोणारात उल्केच्या खड्ड्याच्या तळाशी लोकांनी देवळं बांधली, कमळजा देवीला नवस बोलले, लवणासुराची गोष्ट रचली आणि त्याला मारणाऱ्या विष्णूसाठी गावात दैत्यसूदनाचं मंदिर उभं केलं. काठावरून फोटो काढून परत फिरणारा यातलं निम्मंसुद्धा बघत नाही.

करावे

– धारेपासून सुरुवात करा. गोमुखातून गोड पाण्याची धार पडते आणि खाली विवरात खारं पाणी साचलेलं आहे. खाऱ्याच्या डोक्यावर गोडं, ही लोणारची खरी कमाल. भूगोल शिकवणाऱ्यांनी पोरांना इथे आणलंच पाहिजे.

– सकाळी लवकर खाली उतरा. चढताना ऊन पाठीवर आलं की गुडघे बोलू लागतात. बूट घट्ट हवेत, चप्पल नको.

– स्थानिक वाटाड्या घ्या आणि पैसे आधी ठरवा. झाडीत दडलेली देवळं, वाघ महादेव, मोर महादेव, रामगया, एकट्याने सापडत नाहीत.

– खाली उतरण्याआधी वाट उघडी आहे का ते विचारा. पाणी चढलेलं असेल तर कमळजा देवीपर्यंत जाता येत नाही. ‘नाही’ म्हटलं तर नाही.

– गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका. विवराच्या नादात निम्मे लोक ते न बघता जातात. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम निवांत, एका बाजूने सुरू करून पूर्ण प्रदक्षिणा घालत बघा. आत अंधार असतो. डोळे सरावेपर्यंत थांबा, लगेच मोबाइलचा दिवा लावू नका.

टाळावे

– गुलाबी पाण्याची अपेक्षा. जून 2020 मध्ये तलाव गुलाबी झाला आणि देशभर फोटो फिरले. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला तेव्हा मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला, असं पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत निघालं. एरवी पाणी हिरवट असतं. ‘फोटोत होतं तसं नाही’ म्हणून वाटाड्याशी वाद घालणारे मी ऐकलेत. त्याच्या हातात काय आहे?

– त्या पाण्यात उतरणं, ते तोंडात घेणं, त्यात फुलं-निर्माल्य टाकणं. पाण्याचा सामू दहाच्या आसपास आहे. त्या क्षारात जगणारे जीव जगात फार थोड्या जागी मिळतात. 2020 मध्ये लोणार पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं ते याच पाण्यामुळे, आपल्या फुलांमुळे नव्हे.

– खडे खिशात घालणं. दगड काळा असो, काचेसारखा असो, तिथेच राहू द्या. चौकात कुणी ‘उल्केचा तुकडा’ विकत देऊ लागला तर घेऊ नका. खरा असेल तर चोरीचा आणि खोटा असेल तर तुम्ही फसलात.

– प्लास्टिक. हे अभयारण्य आहे, मोर आणि वानरं तर हमखास दिसतात. वानराला वेफर्स द्याल तर पुढच्या माणसाची पिशवी ते ओढतंच.

– धारेवर अंघोळ करणाऱ्या बायकांकडे कॅमेरा वळवणं. यावर आणखी लिहायची गरज पडू नये.

सिंदखेडराजा

लखुजी जाधवांचा वाडा म्हणजे जिजाऊंचं माहेर. इथे येणाऱ्यांत इतिहासाचे अभ्यासक थोडे, लेकरांना घेऊन आलेली शेतकऱ्यांची कुटुंबं जास्त. बायका जन्मस्थानी माथा टेकवतात आणि पाळण्याची गाणी म्हणतात. तुम्ही वास्तुशिल्प बघायला आला असाल तरी त्यांना आधी जाऊ द्या.

– ‘जय जिजाऊ’ म्हटलं तर ‘जय शिवराय’ म्हणा. इथे रामराम इतकाच तो सहज आहे.

– वाड्यावरून परत फिरू नका. लखुजींची समाधी बघा. तिचा आकार डोळ्यांत भरतो. 1629 मध्ये देवगिरीवर निजामशहाच्या दरबारात लखुजी आणि त्यांचे पुत्र मारले गेले. ही हकिकत ठाऊक असली म्हणजे त्या भल्या मोठ्या इमारतीचा दबदबा वेगळा कळतो. मग नीळकंठेश्वर, पुतळा बारव, मोती तलाव. बारवेत उतरताना पायऱ्यांवरचं शेवाळ सांभाळा.

– 12 जानेवारीला येणार असाल तर गाडी लांब लावायची तयारी ठेवा, पोरांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी घाला आणि भाषणं ऐकायची असतील तर जेवण बरोबर आणा.

– भिंतीवर नाव कोरू नका, कुणी कोरताना दिसलं तर मोठ्याने हटका. ‘जाऊ द्या ना’ म्हणणाऱ्यांमुळेच वाडे खराब झालेत.

– वाटेत वेळ असेल तर साखरखेर्डा. आज साधं बाजाराचं गाव दिसतं, पण 11 ऑक्टोबर 1724 ला इथे निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाला हरवलं आणि हैदराबादच्या निजामशाहीचा पाया घातला गेला. बघायला फारसं उरलेलं नाही. तरी चहा पिऊन पुढे जा.

मेहकरात

– शारंगधर बालाजीची मूर्ती 1888 साली जमिनीखाली सापडली. काळ्या पाषाणातली, माणसापेक्षा कितीतरी उंच. दर्शन घेताना प्रभावळीतलं कोरीवकाम बघायला मान वर करावी लागते. फोटो काढायचा की नाही हे पुजाऱ्याला विचारा आणि एकदा नाही म्हटल्यावर पुन्हा विचारू नका.

– ना. घ. देशपांडे यांचं हे गाव. ‘शीळ’ लिहिणारे आणि ‘खूणगाठी’साठी 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले नाघ इथे वकिली करत राहिले, पुण्या-मुंबईला गेले नाहीत. त्यांच्या एका कवितासंग्रहाचं नाव ‘कंचनीचा महाल’ आहे आणि तो महाल मेहकरातच आहे. येण्याआधी त्यांचं एखादं पुस्तक चाळून या. मग महालाच्या पडक्या भिंती नुसत्या पडक्या वाटत नाहीत.

– महालाच्या आत कुठेही चढू नका. दगड सुटलेले असतात.

गावात आणि शिवारात

– ‘कोणत्या गावचे पाव्हणे?’ हा पहिला प्रश्न येईल. ‘पुणे’ म्हणून मोकळे होऊ नका, मूळ गाव सांगा. तिथून दोन-चार मिनिटांत कुणाची तरी सोयरीक निघते आणि बोलणं सुरू होतं. तुम्ही मात्र उलट आडनाव विचारू नका. आडनावावरून माणूस कुठल्या खान्यात टाकायचा ही आपल्याकडची खोड प्रवासात तरी घरी ठेवून या.

– वऱ्हाडी बोलीची नक्कल करू नका. ‘बसा ना भाऊ, काहून घाई करून रायले?’ असं कुणी म्हटलं तर बसा. तुमच्या तोंडून तेच ‘काहून’ थट्टेत निघालं तर समोरचा हसेल, पण त्याला ते लागलेलं असेल.

– भाऊ, दादा, काका, मावशी, आजी. ‘ए पोरा’, ‘अहो बाई’ नको. चहाच्या टपरीवरच्या पोरालाही ‘बाबू’, ‘दादा’ म्हटलं तर चहा लवकर येतो.

– चहाला नाही म्हणायचं असेल तर पहिल्याच दमात, हात जोडून, कारण देऊन म्हणा. दोनदा नाही-नाही करून तिसऱ्यांदा कप घेतला की घरच्या बाईने दूध दुसऱ्यांदा तापवलेलं असतं.

– भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी, वरण-रोडगे मिळाले तर हॉटेलचा विचार सोडा. रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजतात. राख फुंकून, फोडून, वर तूप घालून खातात. काट्या-चमच्याचं तिथे काम नाही.

– कुणाच्या घरी जेवलात तर पैसे पुढे करू नका. घरातल्या लहान पोरांच्या हातात खाऊ किंवा वही-पेन द्या.

– पिकात शिरून फोटो काढू नका. हरभरा पायाखाली मोडला की पुन्हा उभा राहत नाही. ओला हरभरा खावासा वाटला तर बांधावरून हाक मारा. मालक स्वतः उपटून हातात देईल. न विचारता उपटलात तर त्याच झाडासाठी बोलणी खाल. वावरात जायचं तर आधी पावसाचा अंदाज घ्या. काळ्या मातीत चार थेंब पडले की दुचाकीचं चाक फिरत नाही आणि चारचाकी काढायला बैल नाहीतर ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

– विहिरीत डोकावायचं असेल तर कठड्याला टेकू नका. कठडा असला तर.

– सैलानीला ‘गंमत बघायला’ जाऊ नका. पिंपळगाव सराईच्या या दर्ग्यावर मनाने आजारी असलेली माणसं घरचे घेऊन येतात. होळीला नारळांची मोठी होळी पेटते. त्या माणसांचे व्हिडिओ काढून पाठवणं ही या जिल्ह्यातल्या प्रवासातली सगळ्यात निर्लज्ज गोष्ट आहे. श्रद्धेने जात असाल तर जा. बरोबर रुग्ण असेल तर डॉक्टरांची गोळी बंद करू नका.

परतताना

– समृद्धी महामार्गावर चढायचं तर मेहकर आणि सिंदखेडराजा दोन्हीकडून सोय आहे. दुचाकी आणि रिक्षा तिथे चालत नाहीत, तेव्हा मोटारसायकलवाल्यांनी जुना रस्ताच धरावा. तो संथ आहे, पण सुलतानपूर, बिबी, दुसरबीड अशी गावं लागतात आणि प्रत्येक फाट्यावर चहा असतो.

– महामार्गावर चढण्याआधी टायरची हवा तपासा. उन्हात काँक्रीटवर तासन्‌तास एकाच वेगात चाललेलं जुनं टायर दगा देतं. डिझेल-पेट्रोल आणि पाणी मेहकरातच भरा.

– वाटेत गाडी कडेला लावून फोटो काढू नका, डबा खाऊ नका, पाय मोकळे करू नका. ठरलेल्या थांब्यांवरच उतरा.

– सरळ रस्त्यावर डोळा लागतो. वळण नाही, गाव नाही, स्पीडब्रेकर नाही, त्यामुळे चालवणारा जागा असूनही झोपलेला असतो. दर दीड-दोन तासांनी चालक बदला किंवा थांबा. मुलांना मागे झोपवलंत तरी पट्टा लावूनच झोपवा.

– रात्री निघू नका. 1 जुलै 2023 ला याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बस उलटून पेटली आणि 25 माणसं गेली. वेळ होती रात्री दीडच्या सुमाराची. दर्शन, जेवण, निरोप यात उशीर झालाच तर मेहकरात एक रात्र काढा आणि पहाटे चहा घेऊन गाडी काढा.